वैऱ्याच्या गावचं सांडपाणी

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी गावांत ऑलिव्ह उतरवायचा हंगाम. लहानथोर सगळे झाडाखाली ताडपत्र्या अंथरून फळं उतरवतात, पोती भरून घाण्यावर नेतात आणि वर्षभराचं तेल डब्यांत भरून घरी आणतात. नाब्लुस आणि तुलकर्म भागाची हीच सुगी. घाण्यातून तेलाबरोबर काळपट, उग्र वासाचं पाणीही निघतं. तिथले लोक त्याला झिबार म्हणतात. बरंचसं झिबार नाल्यात जातं, नाला झोमर ओढ्याला मिळतो, ओढा पश्चिमेकडे उतरत तुलकर्म ओलांडतो आणि इस्रायलमध्ये शिरतो. तिथे हाच प्रवाह अलेक्झांडर नदी म्हणून ओळखला जातो. एमेक हेफर भागातल्या शेतांमधून वाट काढत तो नेतन्या शहराच्या उत्तरेला भूमध्य समुद्राला मिळतो.

या ओढ्यात एरवीही स्वच्छ पाणी कमी आणि मैला जास्त, अशी अवस्था कित्येक वर्षं होती. नाब्लुसच्या पश्चिम भागाचं, वाटेतल्या गावांचं आणि तुलकर्मचं सांडपाणी त्यात येत राहिलं. पण झिबारची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी.

घरगुती मैलापाणी शुद्ध करणं हे आज फार अवघड शास्त्र राहिलेलं नाही. मोठ्या टाक्यांत मैलापाणी घ्यायचं आणि त्यात हवा सोडत राहायचं. हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली सेंद्रिय घाण खातात, वाढतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुढच्या टाकीत तळाशी बसतात. वरचं पाणी निवळतं. सगळी भिस्त या जिवाणूंवर. झिबारमध्ये सेंद्रिय घाणीचं प्रमाण साध्या मैलापाण्याच्या शंभरपटीपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे एक टँकर झिबार ओतलं काय आणि शंभर टँकर मैलापाणी ओतलं काय, केंद्रावरचा भार जवळपास सारखाच. शिवाय त्यात फिनॉल वर्गातली रसायनं असतात, ती जिवाणूंच्याच मुळावर येतात. वर्षभर व्यवस्थित चाललेलं केंद्र हंगामात आडवं होऊ शकतं. टाकीतला जिवाणूंचा गाळ एकदा मेला की तो पुन्हा जोमात यायला वेळ लागतो, आणि तोवर येणारा मैला जवळजवळ तसाच पुढे जातो.

उपाय सगळ्यांना माहीत आहेत. झिबार घाण्यावरच वेगळं साठवायचं, टँकरने उचलायचं, ठरलेल्या मर्यादेत शेतजमिनीवर पसरायचं, किंवा मुळात कमी पाणी लागणारे घाणे बसवायचे. यातल्या एकाही गोष्टीला मोठं तंत्रज्ञान लागत नाही. अडचण अशी की घाणे सीमेच्या एका बाजूला आणि त्यांच्यामुळे काळी पडणारी नदी दुसऱ्या बाजूला. टँकरचं भाडं भरायचं घाणेवाल्याने आणि फायदा पलीकडच्या नदीला. ज्या सरकारच्या चौक्यांवर आपली माणसं तासन्‌तास उभी राहतात, त्या सरकारच्या नदीसाठी खिशात हात कोण घालणार?

पाणीतंटा म्हटलं की आपल्याला वाटप आठवतं. कृष्णा, कावेरी, म्हादई, सगळीकडे भांडण किती पाणी कुणाचं याचं. वाटपात एकाच्या पदरात जास्त पडलं की दुसऱ्याच्या पदरात तेवढं कमी पडतं, त्यामुळे तिथे समझोता अवघड असतो हे समजण्यासारखं आहे. प्रदूषणाचं गणित निराळं. नाब्लुसने आपला मैला शुद्ध केला तर नाब्लुसचं पाणी कमी होत नाही, उलट शेतीला वापरता येईल असं पाणी हाताशी येतं आणि एमेक हेफरची नदीही सुधारते. कुणाचंच नुकसान नाही. म्हणजे वाटपापेक्षा हा प्रश्न सोपा असायला हवा होता.

तो सोपा राहत नाही, कारण पाणी एकाच दिशेने वाहतं. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळायला लागलं की ओल खालच्यांच्या छताला धरते. वरच्यांना काही दिसत नाही, आणि फरशी मात्र त्यांचीच उखडावी लागते. दोन घरांत बोलणं चालू असेल तर हे चार दिवसांत मिटतं. कोर्टकज्जा चालू असेल तर छताचा गिलावा पडेपर्यंत मिटत नाही. पंचगंगेच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शिरोळ तालुक्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आणि तिथे तर वर-खाली एकच राज्य आहे आणि एकच प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. जिथे दोन बाजूंचं एकमेकींच्या अस्तित्वावरच एकमत नाही, तिथे काय होत असेल याचा अंदाज करावा.

वरच्या अंगाला राहणारा मात्र पूर्ण सुटतो असंही नाही. वेस्ट बँकचे डोंगर चुनखडीचे आहेत. चुनखडीत भेगा आणि पोकळ्या असतात, त्यातून पाणी झपाट्याने खाली मुरतं आणि माती जशी गाळते तसं गाळलं जात नाही. या डोंगरांखालचा भूजलसाठा इस्रायली आणि पॅलेस्टिनी दोघेही उपसतात. डोंगरावर पडलेला पाऊस त्यात उतरतो, तसाच डोंगरावरच्या उघड्या नाल्यातला आणि शोषखड्ड्यांतला मैलाही उतरतो. ओढ्याचं पाणी खराब झालं तर दिसतं, वास येतो, फोटो काढता येतो. भूजल खराब झालं तर विहिरीच्या तपासणीत नायट्रेट वाढलेलं दिसेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही, आणि मग ते सुधारायला पिढ्या जातात. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. ओढा दोन-चार पावसाळ्यांत निवळू शकतो. डोंगराच्या पोटातलं पाणी धुऊन काढता येत नाही.

कागदावर व्यवस्था आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात झालेल्या दुसऱ्या ओस्लो करारात पाण्यावर स्वतंत्र कलम आहे, चाळिसावं. पाण्याचा अंतिम हिशेब पुढच्या वाटाघाटींत होईल, तोवर दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पाण्याला इजा होऊ द्यायची नाही, सांडपाण्यावर प्रक्रिया करायची आणि वेस्ट बँकमधल्या कामांसाठी एक संयुक्त पाणी समिती असेल, असं त्यात ठरलं. समितीत दोन्हीकडचे सदस्य समसमान आणि निर्णय एकमतानेच. करार पाच वर्षांच्या मधल्या काळापुरता होता. अंतिम वाटाघाटी झाल्याच नाहीत आणि मधल्या काळाची सोय हीच कायमची होऊन बसली.

एकमताची अट ऐकायला न्याय्य वाटते. प्रत्यक्षात तिचा अर्थ दोघांच्याही हातात नकाराधिकार असा झाला, आणि तो सारख्या वजनाचा नव्हता. समितीचं कार्यक्षेत्र फक्त वेस्ट बँक. म्हणजे पॅलेस्टिनींच्या प्रत्येक विहिरीला आणि प्रत्येक प्रक्रिया केंद्राला इस्रायलचा होकार लागणार, इस्रायलला मात्र स्वतःच्या हद्दीतल्या कामासाठी कुणाला विचारायचं नाही. पॅलेस्टिनी बाजूच्या हाती एकच पत्ता होता, इस्रायलने वेस्ट बँकमध्ये वसवलेल्या ज्यू वसाहतींच्या प्रकल्पांना संमती न देण्याचा. तो टाकला गेला आणि २०१० च्या सुमारास समितीचं काम ठप्प झालं. २०१७ च्या सुरुवातीला ती पुन्हा चालू करण्याचं ठरेपर्यंत कितीतरी कामं फायलींत पडून राहिली. मंजुरी मिळाली तरी पुढे आणखी एक दार असतंच. प्रक्रिया केंद्र गावाबाहेर आणि उताराच्या टोकाला बांधावं लागतं, आणि वेस्ट बँकमध्ये गावाबाहेरची मोकळी जमीन बहुतेक ठिकाणी ‘सी’ क्षेत्रात येते. सुमारे ६० टक्के भूभाग व्यापणाऱ्या या क्षेत्रात बांधकामाची परवानगी इस्रायलच्या लष्करी प्रशासनाकडून घ्यावी लागते.

दुसरी बाजूही डोळ्याआड करून चालणार नाही. परवानगीची अडचण खरी असली, तरी घाण्यांवर झिबार वेगळं ठेवायला किंवा गावातली गटारं दुरुस्त करायला समितीचा शिक्का लागत नव्हता. आणि घाण एकाच बाजूने उतरते असंही नाही. डोंगरमाथ्यावर वसलेल्या काही इस्रायली वसाहतींचं सांडपाणी खालच्या पॅलेस्टिनी शेतांत उतरत आलं आहे. एरिएल या मोठ्या वसाहतीचा मैला आणि सल्फीतची दरी हे यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण. तिथे वरचे-खालचे नेमके उलटे आहेत.

मग अलेक्झांडर नदीचं काय झालं? इस्रायलने वाट पाहिली नाही. सीमेला लागूनच याद हना इथे तातडीचं केंद्र उभारलं, येणारं पाणी तिथे अडवायचं आणि शुद्ध करून पुढे सोडायचं. नदीकाठ साफ केले, झाडं लावली. या नदीत मऊ पाठीची मोठी नाईल कासवं राहतात, त्यांची अंडी घालायची जागा राखली. २००३ मध्ये या कामाला नदी पुनरुज्जीवनासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज तिथे लोक कासवं बघायला येतात. दुसरा इंतिफादा, म्हणजे २००० नंतरचा पॅलेस्टिनी उठाव, पेटलेला असतानाही या खोऱ्यातल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी तांत्रिक माणसांचा संपर्क पूर्ण तुटला नाही, ही गोष्ट मला त्या पुरस्काराहून मोठी वाटते.

पण या व्यवस्थेची एक बाजू फार कमी सांगितली जाते. सीमेवर अडवलेलं पाणी शुद्ध करण्याचा खर्च इस्रायल पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडून, म्हणजे पॅलेस्टिनींच्या मर्यादित अधिकारांच्या सरकारकडून, वसूल करतं, आणि तोही बिल पाठवून नाही. १९९४ च्या पॅरिस करारानुसार पॅलेस्टिनींचा आयात कर आणि इतर काही कर इस्रायल गोळा करतं आणि दर महिन्याला त्यांच्याकडे वळतं करतं. त्या रकमेतूनच हा खर्च कापला जातो. घाण करणाऱ्याने पैसे भरावेत, हे तत्त्व जगभर मान्य आहे आणि इस्रायल त्याच्यावरच बोट ठेवतं. पॅलेस्टिनींचं म्हणणं असं, की किती पाणी आलं, ते किती घाण होतं आणि शुद्ध करायला किती खर्च आला, हे सगळं एकच बाजू मोजते आणि आकडा ठरवते. शिवाय शुद्ध झालेलं पाणी इस्रायली शेतकरी वापरतात, म्हणजे पैसे भरायचे आम्ही आणि पीक घ्यायचं त्यांनी.

मला इथे न्याय-अन्यायाइतकाच महत्त्वाचा वाटतो तो या कपातीचा परिणाम. सीमेवर केंद्र बांधलं की खालच्याची निकड संपते. नदी स्वच्छ आहे, पैसेही मिळताहेत, मग वरच्या गावात केंद्र व्हावं म्हणून परवानग्यांच्या मागे कोण लागणार? वरच्या बाजूचा पैसा कपातीत जातो, तो स्वतःच्या केंद्रात गुंतत नाही. आणि सीमेपर्यंतच्या वाटेवर, म्हणजे नाब्लुसपासून तुलकर्मपर्यंत, मैला उघड्यावरून वाहतच राहतो, डासांसकट आणि वासासकट, त्याच चुनखडीत मुरत. सीमेवरचं शुद्धीकरण नदीला वाचवतं. भूजलाला आणि ओढ्याकाठच्या माणसांना त्याचा उपयोग नाही.

शेवटी २०१३ मध्ये नाब्लुसच्या पश्चिमेला जर्मनीच्या पैशांतून मोठं प्रक्रिया केंद्र सुरू झालं. आखणी १९९० च्या दशकातली. मधली वर्षं इंतिफादा, परवानग्या आणि निधीच्या खोळंब्यात गेली. केंद्र सुरू झालं आणि ओढ्यात येणारा मैल्याचा मोठा लोंढा उगमाशीच थांबला. जे काम आधी व्हायला हवं होतं ते वीस वर्षांनी झालं, पण झालं.

गाझाची कथा याच प्रश्नाचं टोक आहे. तिथे नदी नाही, समुद्र आहे. गाझाचा मैला समुद्रात जातो आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेला, म्हणजे इस्रायलकडे वाहतो. सीमेपासून थोड्याच अंतरावर अश्कलोनचा समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे, इस्रायलच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार. २०१६ मध्ये गाझाकडून आलेल्या मैल्यामुळे या प्रकल्पाला काही वेळा समुद्रातून पाणी घेणं थांबवावं लागलं. २०१७ मध्ये गाझाच्या विजेवरून तिथे सत्तेत असलेली हमास, पॅलेस्टिनी प्राधिकरण आणि इस्रायल यांच्यात ओढाताण झाली, वीज दिवसाला चारेक तासांवर आली, प्रक्रिया केंद्रं बंद पडली आणि झिकिमचा इस्रायली समुद्रकिनारा पोहणाऱ्यांसाठी बंद करावा लागला. ज्याची वीज तोडली त्याचा मैला वीज तोडणाऱ्याच्या दारात आला. त्याआधी मार्च २००७ मध्ये उत्तर गाझातल्या उम्म अल-नस्र गावाजवळच्या मैल्याच्या तळ्याचा बांध फुटून पाच माणसं दगावली होती. नवं केंद्र बांधायचं तेव्हाही चाललंच होतं. उत्तर गाझाचं ते केंद्र जागतिक बँक आणि युरोपीय देशांच्या पैशांतून २०१८ मध्ये सुरू झालं.

ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात हे सगळं मोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केलं की गाझातली पाचही प्रक्रिया केंद्रं बंद आहेत. महिन्याभरात खान युनिस आणि दैर अल-बलाहच्या सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय पोलिओमुळे लुळा पडल्याचं निष्पन्न झालं. इस्रायलने आपल्या सैनिकांना पोलिओची लस द्यायला सुरुवात केली. आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, त्या भीषण युद्धाच्या मधोमध, ठरलेल्या भागांत ठरलेल्या वेळेपुरती लढाई थांबवून लाखो मुलांना डोस पाजले गेले. युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी त्याच दिवसांत फिसकटत होत्या. लसीकरणापुरती थांबणी जमली, कारण सांडपाण्यातला विषाणू कुणाच्या बाजूचा आहे हे बघत नाही, आणि ही गोष्ट दोन्हीकडच्या डॉक्टरांना पुरती ठाऊक होती.

हे सगळं वाचून असं वाटू शकतं की आधी राजकारण सुटलं पाहिजे, मग पाणी सुटेल. सायप्रसची राजधानी निकोसिया याच्या नेमकं उलट सांगते. तिची हकीकत आपल्याकडे फारशी माहीत नाही, म्हणून ती जरा सविस्तर.

निकोसियात ग्रीक सायप्रिऑट आणि तुर्की सायप्रिऑट असे दोन समाज. १९६३ च्या अखेरीस दंगली झाल्या तेव्हा एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलने रेघ ओढून शहराचे दोन भाग केले. १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य उतरलं, बेट दुभंगलं, आणि ही हिरवी रेघ काटेरी तारा, वाळूची पोती आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौक्या यांनी पक्की झाली. त्या आधी सबंध शहरासाठी एकच मलनिस्सारण योजना हाती घेतलेली होती. शहराचा उतार पेडिओस नदीच्या वाटेने ईशान्येकडे, म्हणून प्रक्रिया केंद्राची जागा शहराबाहेर मिआ मिलिया इथे धरली होती. १९७४ नंतर ती जागा उत्तर भागात, तुर्की ताब्यात गेली. ग्रीक बाजूला पाइप टाकलेले, आणि ते जिथे पोहोचायचे ते ठिकाण पलीकडे. एका भागाकडे योजना आहे पण शेवट नाही, दुसऱ्या भागाकडे शेवट आहे पण योजना नाही. दोन्हीकडे घरांखालचे शोषखड्डे भरून वाहत होते.

ग्रीक बाजूचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की बाजूचे महापौर मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ मध्ये यावर बोलणी सुरू केली. बोलणीच मुळात अवघड होती, कारण ग्रीक बाजूच्या लेखी उत्तरेकडची महापालिका अस्तित्वातच नव्हती. एका कागदावर दोघांनी महापौर म्हणून सही केली तर तीच मान्यता ठरली असती आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. त्यांनी वाट अशी काढली की दोघे आपापल्या समाजाचे प्रतिनिधी म्हणून भेटायचे, मध्ये संयुक्त राष्ट्रं, आणि करायचं काम सगळं तांत्रिक. किती व्यासाचा पाइप, कुठला चेंबर, कुणाच्या भागातून किती पाणी. ध्वज, पदव्या, सार्वभौमत्व यांतलं काहीही टेबलावर आणायचं नाही. १९८० मध्ये योजना सुरू झाली. दक्षिणेचा मैला हिरव्या रेघेखालून उत्तरेकडे जाऊन शुद्ध व्हायला लागला. रेघेवरच्या नाक्यांतून सामान्य माणसांना ये-जा करण्याची मुभा मिळाली ती एप्रिल २००३ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी.

या भेटींतूनच सबंध शहराचा एकत्र आराखडा तयार झाला. उद्या शहर जोडलं गेलं तर रस्ते कुठे जुळतील आणि नाही जोडलं गेलं तर दोन्ही अर्धी कशी जगतील, अशा दोन्ही शक्यता त्यात धरलेल्या होत्या. या आराखड्यातून जुन्या तटबंदीच्या आतल्या वस्तीचं जे काम झालं, त्याला २००७ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

पुढे जुनं केंद्र अपुरं पडायला लागलं. ते उघड्या तळ्यांच्या पद्धतीचं होतं आणि दुर्गंधीच्या तक्रारी वाढत होत्या. २०१३-१४ च्या सुमारास त्याच जागी नवं केंद्र उभं राहिलं, रोज सुमारे ३० हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी बारीक पडद्यांतून गाळून शुद्ध करणारं. खर्चाची विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. ग्रीक बाजूच्या मलनिस्सारण मंडळाने आपल्या मैल्याच्या प्रमाणात मोठा वाटा उचलला, तुर्की समाजाच्या वाट्याचे पैसे युरोपीय संघाने दिले आणि बांधकामावर देखरेख संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची. कुणी कुणावर उपकार केले नाहीत, कुणी कुणाच्या तिजोरीतून परस्पर कापून घेतलं नाही. शुद्ध झालेलं पाणी कुणाचं, हा वाद मात्र तिथेही उपटलाच. सायप्रस कोरडा देश, पाण्याला सोन्याचं मोल, आणि दक्षिणेचं पाणी शुद्ध होऊन उत्तरेत राहतं. मैला असेपर्यंत तो दोघांनाही नको असतो. त्याचं पाणी झालं की लगेच वाटप सुरू होतं. म्हणून शुद्ध पाण्याचं काय करायचं हे पाइप टाकण्याआधी ठरवून घ्यावं, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

सायप्रस आजही दुभंगलेलाच आहे. अकिंजी २०१५ मध्ये तुर्की सायप्रिऑट समाजाचे नेते झाले, बेट जोडण्यासाठी त्यांनी वाटाघाटी केल्या, त्या २०१७ मध्ये फिसकटल्या. गटार मात्र चालूच राहिलं. गटारामुळे शांतता येते असं मी म्हणत नाही, आणि तसं कुणी म्हणत असेल तर सायप्रसकडे बोट दाखवून तो दावा खोडता येईल. पण शांतता नसताना गटार चालवता येतं, एवढं तिथे चाळीसहून अधिक वर्षं सिद्ध झालं आहे.

झोमर आणि पेडिओस शेजारी ठेवून पाहिले तर फरक कुठे पडला ते दिसतं. निकोसियात मोजमाप दोघांचं होतं आणि मध्ये तिसरा होता. पैशाचं सूत्र आधी ठरलं होतं. आणि पाणी ज्याच्या अंगणात शुद्ध होतं त्याला स्वतःचाही मैला तिथेच शुद्ध करून मिळत होता, त्यामुळे केंद्र बंद पाडण्यात कुणाचाच फायदा नव्हता. तिकडे वेस्ट बँकमध्ये एक बाजू लष्करी सत्ता आणि दुसरी तिच्या अमलाखाली. मोजणारा, बांधणारा, कापून घेणारा एकच. तरीही नाब्लुसचं केंद्र उभं राहिलंच.

आता आपल्या घरचं. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू पाणी करारावर सह्या केल्या. हा करार वाटपाचा, पण त्याच्या चौथ्या कलमात प्रदूषणावरही एक पोटकलम आहे. शक्य तिथवर नद्यांचं अवाजवी प्रदूषण टाळण्याचा दोन्ही देशांचा इरादा आहे, असं ते म्हणतं. इरादा म्हणजे किती, अवाजवी म्हणजे किती, मोजायचं कुणी, यातलं काहीच त्यात नाही. त्या काळी पंजाबात कारखाने थोडे होते, म्हणून ते कुणाला खटकलं नसावं.

आज हुडियारा नाला गुरदासपूर जिल्ह्यातल्या बटाल्याकडून निघतो, वाटेतल्या गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी घेत पाकिस्तानात जातो, तिथे लाहोर परिसरातले कारखाने त्यात आणखी भर घालतात आणि ते सगळं रावीत पडतं. या नाल्याच्या पाण्यावर दोन्ही देशांत भाजी पिकते. सतलजचं नेमकं याच्या उलट. कसूर हे पाकिस्तानातलं चामडं कमावण्याचं मोठं केंद्र. तिथलं क्रोमियमयुक्त सांडपाणी सतलजला मिळतं, आणि सतलज या भागात सीमेच्या आतबाहेर वळणं घेत असल्याने ते फिरोजपूर-फाजिल्का भागातल्या भारतीय गावांच्या काठाने येतं. एका नाल्यावर आपण वर आहोत, दुसऱ्यावर ते. दोघांकडे देण्यासारखं काहीतरी आहे आणि मागण्यासारखंही, आणि वेस्ट बँकमध्ये नसलेली ही बरोबरी फार मोलाची आहे.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने करार स्थगित ठेवला. त्यामागचा संताप मी समजू शकतो. २६ निरपराध माणसं मारली गेल्यावर पाकिस्तानशी पाण्याच्या गप्पा माराव्यात असं मी कुणाला सांगणार नाही. पण बटाल्याच्या कारखान्यांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बसवायला लावणं हे पाकिस्तानसाठी करायचं काम नाही. हुडियाराच्या काठावर सीमेअलीकडेही आपली गावं आहेत, आपले हातपंप आहेत, आणि नाल्यातलं पाणी आधी त्यांच्याखालच्या जमिनीत मुरतं. तिथे सीमेच्या अलीकडे महिन्यातून एकदा नमुने घेऊन आकडे जाहीर करायला कुठल्याच कराराची गरज नाही. तसंच फाजिल्क्याला सतलज भारतात परत शिरते त्या जागी. आज ना उद्या दोन्ही देशांचे अभियंते पुन्हा एका टेबलाशी बसतील, तेव्हा दहा-पंधरा वर्षांची अशी सलग मोजमापं ज्याच्या हातात असतील त्याला नुसत्या तक्रारीने बोलावं लागणार नाही.